स्टँडर्ड इनपुटवरून प्रोग्रॅम चालवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत लिनक्स शिकवताना आणि तेथील सर्व्हर सांभाळताना जे प्रश्न वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांमध्ये लातूर-नांदेडकडचे विद्यार्थी आहेत, तालुक्याच्या गावी एकट्याने चार-पाच यंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ आहेत आणि पावसाच्या किंवा बाजारभावाच्या आकड्यांवर रोज काम करणारे कर्मचारीही आहेत. वाचनाच्या सोयीसाठी सर्व कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहाव्यात.

स्टँडर्ड इनपुटवरून प्रोग्रॅम चालवणे म्हणजे नेमके काय?

युनिक्स घराण्यातील प्रणालींवर शेलमधून (म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला तीन वाटा तयार मिळतात: क्रमांक ० ची वाट आत येण्यासाठी, १ ची बाहेर जाण्यासाठी आणि २ ची चुकांच्या संदेशांसाठी. यांतील ० क्रमांकाची वाट म्हणजे स्टँडर्ड इनपुट. ती कीबोर्डला जोडलेली असू शकते, एखाद्या फाइलला असू शकते किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या बाहेर जाणाऱ्या वाटेला असू शकते, आणि आत बसलेल्या प्रोग्रॅमने विशेष चौकशी केल्याशिवाय त्याला हा फरक जाणवत नाही.

बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल), पायथॉन, पर्ल यांसारखे सूचनांचा अर्थ लावणारे प्रोग्रॅम आपल्या सूचनाही याच वाटेने घेऊ शकतात. टर्मिनलवर बसून आपण एकेक कमांड टाइप करतो, तेव्हा शेल स्टँडर्ड इनपुटच वाचत असतो. त्यामुळे "बॅश < तपासणी.एसएच" असे लिहिले की आपल्या बोटांची जागा फाइल घेते, इतकेच घडते.

प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील एका टिपणात मांडली होती आणि त्यासाठी त्यांनी बागेतील पाण्याच्या नळीचे उदाहरण घेतले होते. केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमची बाहेर जाणारी वाट दुसऱ्याच्या आत येणाऱ्या वाटेला जोडणारी | ही खूण, प्रत्यक्ष युनिक्समध्ये आणला. आपल्याकडे ज्यांनी पाटाचे पाणी वाफ्यात घेतले आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पाण्याप्रमाणेच येथेही एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते: ओघ एकच असतो आणि जो आधी घेईल त्याचे ते होते. पुढील बहुतेक प्रश्नांची मुळे याच एका गोष्टीत आहेत.

"बॅश तपासणी.एसएच" आणि "बॅश < तपासणी.एसएच" यांत फरक काय? परिणाम तर सारखाच दिसतो.

साध्या स्क्रिप्टमध्ये (म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) परिणाम सारखाच दिसतो, परंतु आतील व्यवस्था वेगळी असते. पहिल्या प्रकारात बॅशला फाइलचे नाव कळते, तो ती स्वतः वेगळ्या क्रमांकावर उघडतो आणि स्टँडर्ड इनपुट कीबोर्डसाठी मोकळे राहते. दुसऱ्या प्रकारात फाइल शेलने आधीच उघडून ० क्रमांकावर जोडलेली असते. बॅशला नाव कळत नाही आणि कीबोर्डची वाट बंद होते. म्हणून दुसऱ्या प्रकारात $० मध्ये (चालू प्रोग्रॅमचे नाव ठेवणाऱ्या चलात) स्क्रिप्टच्या नावाऐवजी "बॅश" एवढेच मिळते आणि "ही स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तेथील दुसरी फाइल उघड" अशा धर्तीवर लिहिलेल्या ओळी चुकीच्या ठिकाणी शोध घेतात.

दोन्ही प्रकारांत फाइल वाचण्याची परवानगी पुरते, चालवण्याची परवानगी लागत नाही. चालवण्याची परवानगी काढून घेतली म्हणजे स्क्रिप्ट निरुपद्रवी झाली, अशी समजूत अनेकांची असते. ती सोडून द्यावी.

कीबोर्डवरूनच प्रोग्रॅम लिहिला, तर "आता संपले" हे कसे सांगायचे?

नव्या ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल आणि डी एकत्र दाबावे. विंडोजच्या कमांड खिडकीत कंट्रोल आणि झेड दाबून एंटर द्यावे लागते. कंट्रोल-सी दाबू नये, कारण त्याने प्रोग्रॅम मध्येच मारला जातो.

स्टँडर्ड इनपुटवरून आलेल्या स्क्रिप्टला आर्ग्युमेंट (नावापुढे लिहून द्यायचे शब्द) कशी द्यायची?

"बॅश लातूर < तपासणी.एसएच" असे लिहिले, तर बॅश "लातूर" नावाची फाइल शोधू लागतो. "सूचना स्टँडर्ड इनपुटवरूनच घे, पुढील शब्द ही आर्ग्युमेंट आहेत" हे सांगण्यासाठी -एस हा पर्याय आहे:

बॅश -एस -- लातूर खरीप < तपासणी.एसएच

आता स्क्रिप्टमध्ये $१ म्हणजे "लातूर" आणि $२ म्हणजे "खरीप". मधली दोन डॅशची खूण पर्याय संपल्याचे सांगते आणि आर्ग्युमेंट स्वतःच डॅशने सुरू होणारे असेल तेव्हा ती अत्यावश्यक ठरते, म्हणून ती नेहमीच लिहिण्याची सवय बरी. पायथॉनमध्ये हेच काम एकट्या डॅशने होते: "पायथॉन३ - लातूर < हिशोब.पीवाय". तेथे आर्ग्युमेंटांच्या यादीत शून्याव्या जागी डॅशच मिळतो आणि "लातूर" पहिल्या जागी येतो.

हाच -एस दूरच्या यंत्रावर काम करताना, म्हणजे एसएसएच या दूरच्या यंत्राशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर, सर्वांत उपयोगी पडतो. "एसएसएच परभणी 'बॅश -एस' < तपासणी.एसएच" या एका ओळीने आपल्या यंत्रावरील स्क्रिप्ट परभणीच्या यंत्रावर चालते, आणि तेथे फाइल उतरवून ठेवावी लागत नाही. एकच स्क्रिप्ट आठ ठिकाणी चालवायची असेल, तर आठ ठिकाणी आठ वेगवेगळ्या जुन्या प्रती पडून राहण्याचा त्रास यामुळे टळतो.

हिअर-डॉक्युमेंटमध्ये डॉलरची चिन्हे नाहीशी होतात किंवा भलतीच किंमत येते. असे का?

हिअर-डॉक्युमेंट म्हणजे स्क्रिप्टच्या पोटातच लिहिलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्टँडर्ड इनपुटवर पाठवण्याची सोय. त्याचे स्वरूप असे असते:

एसएसएच परभणी 'बॅश -एस' <<समाप्त
एको "मी $(होस्टनेम) वरून बोलत आहे"
समाप्त

(शेवटची खूण म्हणून वापरलेला "समाप्त" हा शब्द बॅशमध्ये खरोखरच देवनागरीत लिहिता येतो, दोन्हीकडे तो अक्षरशः सारखा असावा लागतो.) हे चालवले तर परभणीच्या यंत्राचे नाव येईल अशी अपेक्षा असते, पण नाव येते आपल्याच यंत्राचे. खुणेचा शब्द मोकळा लिहिला की आपला शेल मजकूर पाठवण्यापूर्वीच त्यातील डॉलर-चिन्हांचा विस्तार करून टाकतो आणि परभणीला पोहोचते ते आधीच भरलेले नाव. उपाय एवढाच की सुरुवातीची खूण एकेरी अवतरणात लिहावी: <<'समाप्त'. मग मजकूर जसाच्या तसा पलीकडे जातो आणि विस्तार तेथे होतो.

हा फरक मी विद्यार्थ्यांना फार गांभीर्याने सांगतो. कल्पना करा की मजकुरात "आरएम -आरएफ "$जागा"/*" अशी ओळ आहे आणि "जागा" या चलाची किंमत मजकुरातच एक ओळ वर, म्हणजे दूरच्या यंत्रावर ठरणार आहे. खूण मोकळी असेल तर आपल्या यंत्रावर ते चल रिकामे असल्यामुळे पलीकडे "आरएम -आरएफ ""/*" एवढेच पोहोचते आणि तो दूरच्या यंत्राचा मुळापासूनचा सगळा पसारा पुसण्याचा आदेश ठरतो. म्हणून आतील चलांचा विस्तार आपल्याच बाजूला व्हायला हवा असे जाणीवपूर्वक ठरवले असेल तेव्हाच खूण मोकळी ठेवावी. एरवी अवतरणातच लिहावी.

शेवटच्या खुणेबद्दलही दोन गोष्टी आहेत. ती ओळीवर एकटीच असावी लागते. तिच्यामागे एक मोकळी जागा राहिली तरी शेल तिला ओळखत नाही आणि फाइलच्या शेवटापर्यंतचा सगळा मजकूर गिळतो. तसेच <<- असे लिहिल्यास ओळींच्या सुरुवातीचे टॅब काढले जातात, मात्र स्पेस काढल्या जात नाहीत. ज्यांचा एडिटर टॅबच्या जागी आपोआप चार स्पेस घालतो, त्यांना हे बहुधा संध्याकाळी उशिरा लक्षात येते.

स्क्रिप्टमध्ये "रीड" लिहिले आहे, पण ती उत्तराची वाट न पाहताच पुढे जाते आणि मधली एक ओळ चालतच नाही.

हा प्रश्न समजला की हा सगळा विषय समजला, असे मला वाटते, म्हणून तो जवळून पाहू. पुढील चार ओळींची फाइल करावी:

एको "गावाचे नाव लिहा"
रीड गाव
एको "नोंद झाली: $गाव"
एको "काम संपले"

"बॅश नोंद.एसएच" असे चालवल्यास ती नीट थांबते, नाव विचारते आणि नोंद दाखवते. "बॅश < नोंद.एसएच" असे चालवल्यास पडद्यावर "गावाचे नाव लिहा" येते आणि लगेच "काम संपले" येते. तिसरी ओळ कोठे गेली? बॅशने पहिली ओळ स्टँडर्ड इनपुटवरून उचलली आणि चालवली, मग दुसरी उचलली. दुसऱ्या ओळीतील "रीड" नेही स्टँडर्ड इनपुटवरून एक ओळ मागितली, आणि त्या ओघात पुढे उभी होती ती तिसरी ओळ. ती "गाव" या चलात मजकूर म्हणून जाऊन बसली. बॅश परत आला तेव्हा त्याच्यासाठी चौथी ओळच उरली होती.

असे घडू शकते याचे कारण शेल मुद्दाम पुढचे वाचून ठेवत नाही. त्याने चालवलेल्या कमांडला तिच्या वाट्याचा मजकूर मिळाला पाहिजे, असा पॉझिक्सचा (युनिक्स प्रणालींच्या मानकाचा) नियमच आहे. म्हणून पाइपवरून वाचताना बॅश एकेक बाइट घेतो आणि फाइल जोडलेली असेल तर जास्तीचे वाचलेले मागे सरकवून ठेवतो. पायथॉनचे तसे नाही. तो अख्खा प्रोग्रॅम शेवटापर्यंत वाचतो आणि मगच चालवायला घेतो, त्यामुळे त्यातील "इनपुट" या फंक्शनसाठी काहीच उरत नाही आणि "ईओएफ एरर" येतो.

बॅशमध्ये उपाय सोपा आहे. उत्तर माणसाकडूनच हवे असेल, तर "रीड गाव < /डेव्ह/टीटीवाय" असे लिहावे. /डेव्ह/टीटीवाय म्हणजे समोरचे टर्मिनल, मग स्टँडर्ड इनपुटला काहीही जोडलेले असो. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम आणि आकडे दोन्ही एकाच वाटेने पाठवण्याचा हट्ट सोडावा: प्रोग्रॅमचे नाव आर्ग्युमेंट म्हणून द्यावे आणि स्टँडर्ड इनपुट आकड्यांसाठी राखावे.

आठ जिल्ह्यांच्या यादीवर लूप लावला, पण तो पहिल्या जिल्ह्यावरच थांबतो. चूकही दाखवत नाही.

यादी अशी असते: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, प्रत्येक ओळीवर त्या जिल्ह्याच्या यंत्राचे नाव. आणि लूप असा:

व्हाइल रीड -आर यंत्र; डू
  एसएसएच "$यंत्र" अपटाइम
डन < यादी.टीएक्सटी

छत्रपती संभाजीनगरचे उत्तर येते आणि लूप शांतपणे संपतो. लोक नेटवर्क तपासतात, पासवर्ड तपासतात, जालन्याला फोन लावून यंत्र चालू आहे का असे विचारतात. दोष तेथे नसतो. लूपच्या आतील एसएसएचला स्टँडर्ड इनपुट म्हणून तीच यादी मिळालेली असते. पलीकडे काही पाठवायचे असेल या समजुतीने तो उरलेल्या सातही ओळी ओढून घेतो. "रीड" पुन्हा वाचायला जातो तेव्हा यादी संपलेली असते.

एसएसएचला -एन हा पर्याय द्यावा, किंवा त्याच्यापुढे < /डेव्ह/नल (नेहमी रिकामीच असणारी फाइल) लिहावे. कोणत्याही कमांडसाठी चालणारा उपाय हवा असेल तर यादी ३ क्रमांकाच्या वाटेने आणावी: वर "रीड -आर -यू ३ यंत्र" आणि शेवटी "डन ३< यादी.टीएक्सटी". मग आतील कमांड ० वरून काहीही वाचो, यादीला धक्का लागत नाही. व्हिडिओ फाइलींवर लूप लावणाऱ्यांना एफएफएमपेगच्या बाबतीत हाच अनुभव येतो. त्यात -नोएसटीडीइन हा पर्याय त्यासाठीच आहे.

लक्षात घ्यावे की "बॅश -एस" ला पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये अशी कमांड असेल, तर ती यादीऐवजी स्क्रिप्टच्या उरलेल्या ओळी खाते. त्या ओळी कधीच चालत नाहीत आणि चूकही दिसत नाही.

लूपमध्ये केलेली बेरीज लूपबाहेर आल्यावर शून्य का दिसते?

"कॅट पाऊस.टीएक्सटी | व्हाइल रीड..." असे लिहिले की बॅश पाइपच्या उजवीकडचा लूप वेगळ्या उपशेलमध्ये (शेलच्या स्वतंत्र प्रतीत) चालवतो. तेथे झालेली बेरीज तेथेच विरते. पाइप काढून शेवटी "डन < पाऊस.टीएक्सटी" असे लिहावे, म्हणजे लूप त्याच शेलमध्ये राहतो. बॅश ४.२ पासून "शॉप्ट -एस लास्टपाइप" हाही मार्ग आहे, पण तो टर्मिनलवर बसून काम करताना नेहमीच्या जॉब-नियंत्रणामुळे लागू होत नाही. झेडएसएच या दुसऱ्या शेलमध्ये ही अडचण मुळातच नाही.

"कर्ल ... | बॅश" असे लिहून सॉफ्टवेअर बसवायला अनेक ठिकाणी सांगितलेले असते. तसे करावे का?

कर्ल हा इंटरनेटवरून फाइल उतरवणारा प्रोग्रॅम. याचे उत्तर सविस्तर द्यावे लागते, कारण आपल्या भागात वीज आणि इंटरनेट दोन्ही मध्येच जाण्याची शक्यता गृहीत धरूनच काम करावे लागते.

कालव्याचे पाणी सुटले की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी वरचे वाफे भिजू लागतात. "कर्ल | बॅश" मध्ये तसेच होते. संपूर्ण स्क्रिप्ट उतरण्याची वाट बॅश पाहत नाही. ओळ आली की ती चालते. जोडणी मध्येच तुटली तर वरच्या ओळी चाललेल्या असतात आणि खालच्या कधीच येत नाहीत. एवढेच असते तरी निभावले असते, परंतु शेवटची अर्धवट ओळ, तिच्या शेवटी नवी ओळ सुरू झाल्याची खूण नसली तरी, बॅश चालवतो. "आरएम -आरएफ /ऑप्ट/जुने/तात्पुरते" ही ओळ "आरएम -आरएफ /ऑप्ट" येथे तुटली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. आमच्या प्रयोगशाळेत एकदा भर पावसाळ्यात जोडणी गेली आणि एका यंत्रावर जुनी आवृत्ती काढली गेली, पण नवी बसलीच नाही. ते यंत्र दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी लागणार होते. रात्री ते पुन्हा उभे केले. त्या दिवसापासून मी ही पद्धत वर्गात दाखवतो ती केवळ तिचे धोके दाखवण्यासाठी.

दुसरी अडचण पाइपच्या निकालाची आहे. पाइपमधील शेवटच्या कमांडचा निकाल हाच सगळ्या पाइपचा निकाल समजला जातो. कर्लला काहीच मिळाले नाही तर बॅशला रिकामा ओघ मिळतो, रिकामा ओघ चालवण्यात चूक कसली, म्हणून निकाल ० म्हणजे यशस्वी असा येतो. "सेट -ओ पाइपफेल" लावल्यास अपयश निदान कळते. मात्र तोपर्यंत चाललेल्या ओळी त्याने मागे फिरत नाहीत.

तिसरी अडचण महाविद्यालयांतील किंवा वसतिगृहांतील वाय-फायवर येते. लॉगिनची मुदत संपलेली असते आणि पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल तर स्क्रिप्टऐवजी लॉगिनचे पान उतरते. ते एचटीएमएल बॅशच्या तोंडी जाते आणि "सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन न्यूलाइन" असा संदेश येतो. हा संदेश पहिल्याच ओळीवर आला तर स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसू नये. उतरले काय ते आधी डोळ्यांनी पाहावे. पत्ता एचटीटीपीएसचाच वापरावा. कर्लला -एफ हा पर्यायही नेहमी द्यावा, म्हणजे सर्व्हरने "पान सापडले नाही" असे उत्तर दिल्यास ते चुकीचे पान पुढे पाठवले जात नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की आधी "कर्ल -एफएसएसएल -ओ बसवा.एसएच" (यातील दुसरा एस आणि एल मोठे) लिहून त्यापुढे पत्ता द्यावा आणि फाइल उतरवून घ्यावी, "लेस" मध्ये उघडून वाचावी, प्रकाशकाने एसएचए-२५६ ची बेरीज दिली असेल तर "एसएचए२५६सम" ने ताडून पाहावी, "बॅश -एन बसवा.एसएच" ने न चालवता वाक्यरचना तपासावी आणि मगच चालवावे. यात दोन मिनिटे जास्त जातात. मोठी फाइल उतरवताना जोडणी तुटली तर "कर्ल -सी -" (सी मोठा) जेथे तुटले तेथून पुढे उतरवतो, आणि आपल्याकडच्या जोडणीवर ही सोय फार मोलाची आहे. पाइपमध्ये ती मिळत नाही.

स्वतः अशी स्क्रिप्ट इतरांसाठी लिहीत असाल तर सगळे काम "मुख्य" अशा एका फंक्शनच्या कंसात ठेवावे आणि अगदी शेवटच्या ओळीवर ते फंक्शन बोलवावे. फंक्शनचा शेवटचा कंस येईपर्यंत बॅशला ते पूर्ण झालेले वाटत नाही, त्यामुळे जोडणी मध्ये तुटली तर वाक्यरचनेची चूक दाखवून तो थांबतो आणि त्यातील एकही ओळ चालत नाही. तालुक्याच्या ठिकाणी बसून तुमची स्क्रिप्ट वापरणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी घेण्याचा हा साधा मार्ग आहे.

"सुडो कर्ल ... | बॅश" लिहिले, तरी परवानगी नाही असे का म्हणतो?

कारण त्या ओळीत सुडोचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार कर्लला मिळाला, बॅशला नाही. अधिकार हवा असेल तर सुडो पाइपच्या उजवीकडे, बॅशच्या आधी लिहावा लागतो. सुडो पासवर्ड टर्मिनलवरून विचारतो, त्यामुळे पाइपमधील मजकुराला तो हात लावत नाही. मात्र -एस (मोठे) हा पर्याय दिला तर तो पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून घेतो, आणि मग तुमच्या स्क्रिप्टची पहिली ओळच पासवर्ड म्हणून वाचली जाऊ शकते.

नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही. पडद्यावर तर ओळ बरोबर दिसते.

विंडोजमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात, लिनक्सला एकच लागते. जास्तीची खूण कमांडच्या नावाला चिकटते आणि "$'\आर': कमांड नॉट फाउंड" असा संदेश येतो. "टीआर -डी '\आर' < जुनी.एसएच | बॅश" ने काम होते, पण फाइल एकदाच "डॉस२युनिक्स" ने दुरुस्त करून ठेवणे अधिक चांगले.

मराठी मजकूर असलेल्या जुन्या फाइलींत आणखी एक गोष्ट आढळते. पूर्वी नोटपॅडमध्ये देवनागरी टिकवण्यासाठी "यूटीएफ-८" निवडावे लागे आणि तो फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण घालत असे. त्या खुणेमुळे पहिली ओळ टिप्पणी राहत नाही आणि बॅश तिला कमांड समजून "अशी फाइल नाही" म्हणतो. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड ही खूण आपोआप घालत नाही. तरीही कार्यालयांतील जुन्या यंत्रांवरून आलेल्या फाइली पाहताना याची आठवण ठेवावी.

देवनागरी मजकूर स्टँडर्ड इनपुटवरून पाठवला तर बिघडतो का?

पाइपला अक्षर कळत नाही, त्याला फक्त बाइट कळतात; तो काही बिघडवत नाही. बिघडवतात ती दोन टोके. "प्रिंटएफ 'लातूर' | डब्ल्यूसी -सी" असे चालवून पाहावे: उत्तर १५ येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि "लातूर" मध्ये ल, काना, त, दीर्घ उकार आणि र अशी पाच चिन्हे आहेत. -सी ऐवजी -एम दिल्यास आणि लोकेल (यंत्राची भाषेची मांडणी) यूटीएफ-८ असल्यास ५ येतात. डोळ्यांना मात्र तीनच अक्षरे दिसतात. "प्रिंटएफ" ऐवजी "एको" वापरला तर ओळ संपवणारी खूण मिळून १६ होतात. गावांच्या नावांची लांबी मोजून तक्ता जुळवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ओळी वाकड्या का येतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमकडे पाइपने पाठवलेला मराठी मजकूर प्रश्नचिन्हांत बदलतो, कारण तेथे बाहेर जाणारी लिपी-व्यवस्था मुळात अ‍ॅस्कीची, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची, असते. $आउटपुटएन्कोडिंग बदलून ती यूटीएफ-८ करावी लागते. पॉवरशेल ७ मध्ये हा त्रास नाही. आणखी एक गोष्ट: बॅशमध्ये चलाची किंमत देवनागरीत चालते, चलाचे नाव चालत नाही.

शेलखेरीज आणखी कोणते प्रोग्रॅम असे काम करतात?

पुष्कळ. "एसक्यूलाइट३ भाव.डीबी < प्रश्न.एसक्यूएल" हे अनेकांच्या रोजच्या वापरातले आहे. ऑकला "-एफ -" दिले की तो आपला प्रोग्रॅम स्टँडर्ड इनपुटवरून वाचतो. जीसीसीला सी भाषेतील मजकूर असा द्यायचा असेल तर "जीसीसी -एक्स सी -" असे लिहावे लागते, कारण फाइलच्या नावातील शेपटावरून तो भाषा ओळखतो आणि येथे नावच नसते. "अ‍ॅट" ला संध्याकाळची वेळ देऊन कमांड पाइपने पाठवली की ती त्या वेळी चालते. एक्सआर्ग्स मात्र वेगळ्या जातीचा आहे: तो स्टँडर्ड इनपुटवर आलेल्या ओळी चालवत नाही, त्या दुसऱ्या कमांडची आर्ग्युमेंट करून देतो. फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा असतील तर त्याला "-०" देऊन "फाइंड" कडून "-प्रिंट०" ने नावे घ्यावीत.

या घराण्यात सर्वांत जपून हाताळण्याची कमांड क्रॉनटॅब आहे, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे वेळापत्रक लावणारी. "क्रॉनटॅब -" स्टँडर्ड इनपुटवर जे येईल ते नवे वेळापत्रक म्हणून लावतो आणि जुने पूर्ण पुसतो. त्यात भर घालत नाही. काही प्रणालींवर नुसते "क्रॉनटॅब" लिहिले तरी तो इनपुटची वाट पाहत बसतो. गोंधळून कंट्रोल-डी दाबले की रिकामे वेळापत्रक लागते, आणि रात्रीचा बॅकअप त्या दिवसापासून बंद होतो. अशा वेळी कंट्रोल-सी दाबूनच बाहेर पडावे, आणि वेळापत्रकाला हात लावण्यापूर्वी "क्रॉनटॅब -एल > क्रॉन-प्रत.टीएक्सटी" लिहून त्याची प्रत आपल्या फोल्डरमध्ये ठेवावी, चूक झालीच तर "क्रॉनटॅब - < क्रॉन-प्रत.टीएक्सटी" ने ते जसेच्या तसे परत लागते.